भारंगीला सांगावा

संध्याकाळच्या धारा आटोपल्या की ठकूबाई येडगे ओसरीच्या खांबावरची काळी कळ खाली ओढायची. घराखालच्या उतारावर, कुंपणाच्या आत, बांबूचे खांब उभे होते. त्यांच्या टोकांच्या बारीक तोट्यांतून वाफ सुटायची. ती डोळ्यांना दिसत नसे, पण वास येई. विळ्यानं नुकत्याच कापलेल्या ओल्या गवताचा वास. तो आला की ठकूबाईचा काळा कुत्रा हटकून शिंकायचा आणि शेजारच्या बाया हातातलं काम टाकून चुलीकडे वळायच्या. पठारावरच्या त्या धनगरवाड्यात घड्याळं होती, प्रत्येकाच्या खिशात फोनही होता, पण भाकरीची वेळ आता त्या वासानं ठरत होती.

“दिला गं सांगावा,” ठकूबाई आत बघून म्हणायची.

“बरं झालं, आत्ती,” सून सगुणा चुलीपुढून म्हणायची.

सांगावा म्हणजे निरोप. हा निरोप माणसांना नव्हता, भारंगीच्या झुडपांना होता.

झाडाला पळता येत नाही. अळीनं पान कुरतडलं, जनावरानं ओरबाडलं, तरी त्याला जागेवरच उभं राहावं लागतं. म्हणून ते दुसरी युक्ती करतं. जखम झालेलं पान हवेत एक वास सोडतं. शेजारची झाडं तो वास ओळखतात आणि आपली पाळी येण्याआधी पानांत कडू, जहाल रसायनं भरून ठेवतात. खाणाऱ्याचं तोंड वाकडं व्हावं म्हणून. कोल्हापूरच्या शाहीन मुल्लानं या वासाच्या द्रव्याला ‘वार्तारस’ असं नाव दिलं होतं. वनस्पतींतली औषधी द्रव्यं शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. वार्तारस हवेत सोडला की भारंगी एका रात्रीत पानांत एक द्रव्य तयार करते आणि त्या द्रव्यानं माणसाच्या आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या होतात, हे तिनं दाखवून दिलं. त्या द्रव्याचं शास्त्रातलं नाव लांबलचक होतं. वाडीत सगळे त्याला नुसता ‘कडू’ म्हणत.

पूर्वी हा कडू फक्त जुनाट मुळ्यांत मिळायचा, तोही नावापुरता. दम्यावर मुळी पाहिजे म्हणून लोकांनी डोंगरच्या डोंगर खणून काढले होते. मुळी काढली की झाड गेलं. आता मुळीला कोणी हात लावत नव्हतं. आदल्या संध्याकाळी सांगावा द्यायचा आणि सकाळी शेंड्याची पानं खुडायची. झाड जागच्या जागी राहायचं. श्रावणात उतार निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जायचा, आणि कोवळ्या पानांची भाजी खायला लोक पुन्हा पठारावर पाव्हणे म्हणून यायला लागले होते.

शाहीननं बसवलेलं ते यंत्र ठकूबाईला फार आवडायचं. तिची हयात डोंगर चढण्या-उतरण्यात गेली होती. सासरचं घर औषध देणारं, त्यामुळं गुडघे झिजेपर्यंत ती झाडपाला हुडकत हिंडली होती. आता ओसरीवर बसून एक कळ ओढली की सगळ्या उताराला निरोप पोचायचा. दसऱ्याला कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर ती यंत्रालाही हळदकुंकू लावायची, आणि पंपाच्या तोंडाला झेंडूची माळ घालू नका म्हणून शाहीन दरवर्षी सांगायची.

सगळ्यात जास्त गरज त्या पानांची सगुणाला होती. घाटाखालच्या खडीमशीनवर ती काही वर्षं कामाला होती. दगडाची धूळ छातीत जाऊन बसली. डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं की बसलेली धूळ निघणार नाही. पण भारंगीचा अर्क सकाळ-संध्याकाळ घेतला की नळ्या मोकळ्या राहत आणि सगुणा चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन चढण चढू शकायची. दूरच्या वेलावर बसलेल्या पाखराला शीळही घालायची. खालच्या गावांतून तिच्याबरोबर कामाला असलेल्या बायका होत्या, त्यांनाही तोच अर्क लागायचा. ठकूबाईच्या पडवीतल्या छोट्या भट्टीत अर्क उतरे, कुप्या भरल्या जात आणि मालवाहू ड्रोन त्या खाली दवाखान्यात नेऊन पोचवी.

सकाळी खुडणीआधी सगुणा पानाला चिमटा लावायची. चिमटा म्हणजे कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढंच यंत्र. त्याच्या एका जबड्यातून उजेड पानात शिरे, दुसरा जबडा तो वाचून कडू किती आहे ते सांगे. भरपूर असला तर टोकाला हिरवा दिवा, बेताचा असला तर पिवळा, नसला तर तांबडा.

आश्विनातल्या त्या सकाळी दिवा पिवळा लागला.

सगुणानं दुसरं झुडूप पाहिलं. पिवळा. वरच्या ओळीत गेली. तिथंही पिवळा, आणि दोन-चार झुडपांवर चक्क तांबडा.

“आत्ती, काल सांगावा दिलासा न्हवं?”

“दिला की! कुत्रं शिंकलं न्हाई व्हय?” ठकूबाई ओसरीवरून ओरडली. “तुझ्या चिमट्याचं डोळं गेलं असत्याल. पूस त्याला पदरानं.”

चिमटा पुसला. दिवा पिवळाच राहिला. त्या दिवशीच्या पानांतून अर्क निघाला तो पाण्यासारखा पातळ.

पुढच्या आठवड्यात पिवळ्याचा तांबडा झाला. शाहीनला फोन गेला आणि ती आपली जीप घेऊन वर आली. यंत्र उघडून पाहिलं. तोट्या साफ होत्या, वार्तारस ताजा होता, हवेत पसरतही होता. माती तपासली, पाणी तपासलं, पानांवर रोग नव्हता. झाडं उलट छान माजली होती. पानं रुंद, देठ जाड.

“यंत्रात काही खोट नाही, आजी,” शाहीन हात पुसत म्हणाली.

“मग वाढव की जरा. आमी पन म्हातारपणी ऐकायला कमी आलं की मोठ्यानं बोलतोच.”

शाहीनलाही तेच सुचलं होतं. तिनं वाफ वाढवली. त्या संध्याकाळी वास इतका दाट झाला की म्हशी दावणीला नाचायला लागल्या. सकाळी चिमटा लावला. तांबडा.

शाहीन बराच वेळ बांधावर बसून राहिली. सगुणानं तिला चहा नेऊन दिला आणि काही न विचारता शेजारी बसली. न विचारण्याचं कारण शाहीनला ऐकू येत होतं. सगुणाच्या श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज सुटला होता.

“कुप्या किती दिवस पुरतील?”

“पुरतील की,” सगुणा म्हणाली.

पुरणार नव्हत्या. खडीमशीनवर तिच्याबरोबर असलेल्या खालच्या गावातल्या हौसाला दोन लहान पोरं होती आणि ती एकटी कमावती होती. सगुणा आपल्या वाटणीतला अर्धा अर्क तिच्या कुपीत ओतत होती. हे तिनं सासूला सांगितलं नव्हतं. पण चढणीवर ती थांबू लागली, आणि थांबली की भारा सुटलाय असं दाखवून पुन्हा बांधायची. एके दिवशी ठकूबाईनं वरून पाहिलं. घट्ट बांधलेला भारा सून सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.  ठकूबाईनं काठी घेतली, गुडघ्यांची पर्वा न करता उतरून खाली गेली आणि भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला.

“आत्ती, तुमास्नी न्हाई जमायचं.”

“गप. तू श्वास घे. तेवढं काम पुरं हाय तुला.”

त्यातच शेळ्यांचं प्रकरण घडलं.

वाडीच्या खालच्या अंगाला धाकलू लांबोर राहायचा. तो सगुणाचा बाप, म्हणजे ठकूबाईचा व्याही. त्याच्या शेळ्या सगळ्या पठारावर बदनाम होत्या. सगुणा दमली असेल म्हणून कुंपणाचं खालचं दार त्या संध्याकाळी ठकूबाईच लावायला गेली होती, आणि कडी नीट बसली नाही. सांगावा देऊन ती आत वळली न वळली तोच शेळ्या आत घुसल्या. वाडीभर आरडाओरडा झाला तोवर खालचा कोपरा त्यांनी बुंध्यापर्यंत साफ केला होता.

सकाळी ठकूबाई व्याह्याच्या दारात उभी राहिली.

“व्याही, तुमच्या शेळ्यांनी माझ्या सुनेचं औषध खाल्लं!”

धाकलू खाटेवर बसून दोर वळत होता. “माझ्या लेकीचं म्हना, इहीनबाई. आन् शिव्या द्यायच्या तर मला द्या. शेळ्यांस्नी देऊ नका, त्या मनाला लावून घेत्यात. दूध आटतंय.”

“आटू दे!”

“कुंपन तुमचं, दार तुमचं, कडी तुमची. शेळीला कडी काढता येत न्हाई.”

“तुमच्या शेळीला काय येत न्हाई तेवढं सांगा!”

धाकलू हसला, पण त्याचं हसू लवकर मावळलं. “सगुणाला बरं न्हाई म्हनं?”

ठकूबाईचा आवाज उतरला. “चढताना थांबाया लागली.”

त्यानं दोर खाली ठेवला. मग कुणीच कुणाशी भांडलं नाही.

खाल्लेली झाडं जगतात का हे पाहायला सगुणा रोज त्या कोपऱ्यात जायची. भारंगी चिवट. थोड्याच दिवसांत खुंटांना तजेलदार कोवळे फुटवे आले. एका सकाळी तिनं सहज एका नव्या पानाला चिमटा लावला.

हिरवा.

तिनं शेजारचा खुंट पाहिला. हिरवा. तिसरा. हिरवा. आणि शेळ्यांच्या तोंडाला न लागलेलं, हातभर पलीकडचं धडधाकट झुडूप पाहिलं तर तांबडा.

शाहीन आली तेव्हा तिचं पहिलं म्हणणं असं होतं की हा जखमेचा परिणाम असणार, चार दिवसांत ओसरेल. पण ओसरला नाही. मग तिनं एक संध्याकाळ सांगावा बंद ठेवला. दुसऱ्या सकाळी त्या कोपऱ्यातही तांबडा. पुन्हा सांगावा दिला, पुन्हा हिरवा. म्हणजे ती झाडं जखमेनं नव्हे, सांगाव्यानंच कडू होत होती. एकाच वाफेत, एकाच मातीत उभी असलेली झाडं. त्यातली काही निरोप ऐकत होती आणि बाकीच्यांनी ऐकायचं सोडून दिलं होतं.

शाहीन ओसरीवर आली. ठकूबाई नाचणी पाखडत होती.

“आजी, यंत्र यायच्या आधी तुम्ही मुळी काढायला जायचात, तेव्हा सांगावा कसा द्यायचात?”

“हजारदा सांगितलंय की तुला. आदल्या सांजेला झाडाजवळ जायचं. नखानं एक पान चिमटायचं, चार दाणं तांदूळ ठेवायचं आन् म्हनायचं, उद्या येतो, राग धरू नगंस.”

“आणि दुसऱ्या दिवशी जायला नाही जमलं तर?”

“न जमून कसं चालंल?” ठकूबाई सूप थांबवून म्हणाली. “येतो म्हनलं की जायचं. माझ्या सासऱ्याला एकदा ताप भरला, तर सासूनं जाऊन निदान एक फांदी मोडून आनली. सांगावा देऊन गेलं न्हाई तर झाड रुसतंय म्हनायची.”

“हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू कुठं विचारलंस? आन् मला तरी कुठं वाटलं? शब्द मानसानं पाळायचा असतोय. यंत्राला कसला आलाय नेम?”

शाहीन हसत हसत कपाळाला हात लावून बसली. “मलाही तसंच वाटलं, आजी. नखानं पान चिमटायची खूण तेवढी मी यंत्रासाठी उचलली. बाकीची रीतभात म्हणून सोडून दिली.”

मग तिनं सगुणालाही बोलावलं आणि दोघींना समजावून सांगितलं. कडू तयार करायला झाडाला कष्ट पडतात. पानं वाढवायची, फुलं काढायची ताकद त्यात खर्ची पडते. खरंच कुणी खायला येणार असेल तर तो खर्च परवडतो. आपण खुडणी करतो आठवड्यातून एकदा, तीही थोड्या झाडांची, वरची दोन-चार पानं, धारदार कात्रीनं, झाडाला कळणारही नाही अशी. सांगावा मात्र रोज, सगळ्या उताराला. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी हाकाटी, आणि सकाळी कुणीच नाही. बहुतेक झाडांना आपण रोज खोटं सांगितलं. त्यांनी ते ओळखलं आणि आपल्या वाढीच्या कामाला लागली. म्हणून तर पानं रुंद झाली. खालच्या कोपऱ्यात मात्र सांगावा आला आणि लगोलग शेळ्या आल्या.

“म्हंजे त्या कोपऱ्याला पटलं,” सगुणा म्हणाली.

“त्याला पटलं. बाकीच्यांना पटवावं लागेल.”

ठकूबाईला काय करावं लागणार ते आधी कळलं, आणि तिचा चेहरा आंबट झाला. “सगुणे, तूच जा तुझ्या बापाकडं.”

“मी न्हाई. शिव्या तुमीच दिल्यासा.”

दुसऱ्या दिवशी ठकूबाई व्याह्याच्या दारात पुन्हा उभी राहिली. धाकलूनं सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला.

“अडचन अशी हाय, इहीनबाई, माझ्या शेळ्या बोलावल्याबिगर कुनाच्या दारात जात न्हाईत.”

“परवा कुनी बोलावलं हुतं?”

“परवा त्या रागानं गेल्या हुत्या. आता तुमचं काम हाय. रीतसर आवतान द्यावं लागंल.”

“तुमास्नी?”

“मला कशाला? शेळ्यांस्नी.”

सगळी वाडी बघायला गोळा झाली. ठकूबाई हळदकुंकवाची कोयरी आणि तांदळाचे दाणे घेऊन आली. पुढारी शेळीच्या कपाळाला कुंकू लावलं. शेळीनं आधी तिच्या तळहातावरचे तांदूळ खाल्ले, मग पदराचं टोक तोंडात धरलं. “आवतान मानलं!” धाकलू ओरडला. हसता हसता सगुणाला खोकला आला आणि तिला खाली बसावं लागलं. हसणारे सगळे एकदम गप्प झाले. तिनं हातानंच खूण केली, चालू द्या म्हणून.

तेवढ्यानं काम झालं असं नाही. पहिल्या दिवशी सकाळी शेळ्या सोडल्या तर त्यांनी मागच्याच कोपऱ्यातल्या कडू फुटव्याला तोंड लावलं, थुंकल्यासारखं केलं आणि सरळ ठकूबाईच्या वालाच्या वेलाकडं मोर्चा वळवला. मग शाहीननं वेळ बदलली. सांगावा संध्याकाळी द्यायचा आणि पानांत कडू भरायच्या आत लगेच शेळ्या सोडायच्या. एका दिवशी एकच पट्टा. बाकी उताराला विश्रांती, वाफेचा थेंबही नाही. तोट्यांना वेगवेगळ्या कळा बसवल्या. ज्या ओळीला सांगावा द्यायचा तिच्याकडेच जायचं, आणि सांगावा दिला की कुणी ना कुणी गेलंच पाहिजे, असा नेम ठरला. ठकूबाईच्या हातातली एक कळ जाऊन तिथं कळांची रांग आली आणि त्याबद्दल ती बरेच दिवस कुरकुरत होती.

तोवर खालच्या एका कोपऱ्याची पानं तेवढी हाताशी होती. त्यातून निघणारा अर्क फार तर दोघींना पुरला असता. ठकूबाईनं तो सगळा सगुणाच्या नावानं ठेवला. सगुणानं दोन कुप्या मांडल्या, दोन्ही सारख्या भरल्या आणि एकीवर हौसाचं नाव लिहिलं. ठकूबाई बघत होती. शेवटी तिनं बुचं लावायला घेतली. खालच्या बाकी बायकांना दवाखान्यातल्या नेहमीच्या औषधांवर दिवस काढावे लागले. ती औषधं बरी होती, पण चढण चढण्याइतका श्वास देत नव्हती.

खुडणीचं काम त्या दिवसांपासून सगुणानं एकटीनं अंगावर घेतलं. कात्री ठेवून दिली. हातानं, नखानं पानं खुडायची. सांगावा दिलेल्या ओळीतलं एकही झुडूप सोडायचं नाही. जितका श्वास मिळे तितकं करायचं, मग बांधावर बसायचं, पुन्हा उठायचं. थंडी गेली, पळस फुलला. एकेक पट्टा पालटत गेला. तांबड्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. वळवाचे ढग दिसू लागले तेव्हा भट्टीतून पुन्हा दाट अर्क उतरत होता, खालच्या बायकांच्या कुप्या भरत होत्या आणि चढणीवर सगुणाचा भारा मधे कुठं सुटत नव्हता.

पंप बिघडला तो पावसाळ्याच्या तोंडावर. शाहीननं तो उचलून कोल्हापूरला नेला. आठ-पंधरा दिवस सांगावा नाही, खुडणी नाही असं ठरलं. घरात कुप्या भरपूर होत्या. त्यामुळं कुणाला घोर नव्हता.

काम नसल्यानं सगुणा संध्याकाळी वरच्या ओळीत जाऊन बसू लागली. तण उपटायची, नाहीतर नुसतीच दरीकडं बघत बसायची. एका सकाळी तिकडून जाताना तिनं सवयीनं चिमटा लावला. हिरवा दिवा पेटला. तिला वाटलं चुकलं. तिनं ती सगळी ओळ तपासली. ती बसली होती त्या जागेच्या भोवतीची झाडं हिरवी, लांबची तांबडी.

शाहीन दुसऱ्याच दिवशी हजर झाली. यंत्र नव्हतं, शेळ्या धाकलूच्या गोठ्यात होत्या, पानांवर अळीचा मागमूस नव्हता. तिनं एका संध्याकाळी ठकूबाईला एका ओळीत बसवलं. सकाळी तांबडा.

“मला भीक घालत न्हाईत,” ठकूबाई म्हणाली.

धाकलूला बसवलं. तो तिथं बसून तंबाखू मळत जुन्या गोष्टी सांगत राहिला. सकाळी तांबडा. सगुणाला आणखी वेगळ्या ओळीत बसवलं. सकाळी हिरवा. आणि ज्या संध्याकाळी ओलसर हवेनं तिला जरा धाप लागली होती, त्या संध्याकाळच्या ओळीत कडू नेहमीपेक्षा जास्त निघाला.

शाहीननं एका पिशवीत सगुणाचा श्वास भरून घेतला, तो कोल्हापूरला नेऊन तपासला आणि पंपाबरोबरच उत्तर घेऊन आली. चौघं ओसरीवर बसली.

“सगुणा, तुझ्या श्वासात दोन गोष्टी आहेत. एक, तू रोज पितेस त्या कडूचा अंश. दुसरी, सुजलेल्या छातीतून येणारी काही द्रव्यं. अशी जोडी इथं दुसऱ्या कुणाच्या श्वासात नाही. गेले कित्येक महिने खुडायला तूच जातेस. हा वास आला की पानं तुटतात, हे झाडांनी जोडून घेतलंय असं दिसतं. खात्री करायला अजून खूप काम आहे. पण मला वाटतं, त्यांना आता यंत्राची गरज नाही. तू जवळ बसून श्वास सोडलास की तोच सांगावा.”

धाकलूनं ते नीट लावून पाहिलं. “म्हंजे झाडांच्या लेखी ही शेळी.”

“साधारण तसंच, मामा.”

“मग बरोबर हाय. लेक कुनाची?” तो मांडीवर थाप मारून म्हणाला. ठकूबाईनंसुद्धा तोंडाला पदर लावला.

सगुणा हसली, पण तिची नजर उताराकडं होती. पहिल्या सरी येऊन गेल्या होत्या. ओली पानं वाऱ्यावर हलत होती. ती उठून ओळीत गेली आणि एका झुडपाजवळ उकिडवी बसली. शाहीन तिच्या मागोमाग आली.

“शाहीनताई, हा कडू ती माझ्यासाठी करत न्हाईत न्हवं? मला हाकलायला करत्यात.”

“हो. औषध हा आपला शब्द. त्यांच्या लेखी तो राग म्हण, नाहीतर भीती.”

“मी जवळ आले की ती घाबरत्यात. आन् त्या भ्यानं माझा श्वास चालतोय.”

 सगुणानं एक लांब, मोकळा श्वास घेतला. शिट्टी वाजली नाही. तो तिनं सावकाश पानांवर सोडला.

“यंत्र खोटं बोललं ते त्यांनी वळकलं. मी पानं तोडते ते वळकलं. माझी छाती आजारी हाय ते बी वळकलं,” ती म्हणाली. “पर मी त्यांचं मूळ कुनाला खनू देत न्हाई, उन्हाळ्यात पानी घालते, शेळ्या हाकलते, ते बी कधीतरी वळकत्यालच की. ज्या दिवशी त्यांस्नी पटंल की मी वैरी न्हाई, त्या दिवशी ती माझ्यासाठी कडू हुत्याल का?”